हँडल स्थिर झालं

ऐंशीच्या दशकात पांढुर्ण्यात माझं गॅरेज होतं. एकदा सौसरचा एक माणूस मोटरसायकल घेऊन आला. त्याचा पाय अधू, म्हणून गाडीला मागे दोन चाकं बसवलेली. वेग वाढला की हँडल थरथरायचं. एकट्यानं चालवायची भीती, म्हणून मागे बसून आलेला त्याचा भाऊ सारखा घड्याळ बघत होता.

मी पुढचं चाक उचलून हलवलं. हँडलच्या दांड्यातले छर्रे, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या, झिजले होते. नवे घालून नट कसला. तो एकटाच चक्कर मारून आला. हँडल स्थिर होतं.

"झालं! आता एकटाच जात जाय कुठंबी," भाऊ म्हणाला आणि बसस्टँडकडे निघून गेला.

गाडीवाला टाकीवर हात फिरवत बसला. मग म्हणाला, "मिस्त्री, हँडल हालून राह्यलं होतं, तवर भाऊ संगं तरी येत होता."

 हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरून तो सौसरच्या रस्त्याला लागला.