यास्ना मावशीची सही

समुद्रकाठच्या तोमे गावच्या टेकडीवर यास्ना बियाग्रानला सगळे ‘फोनो’ म्हणत. म्हणजे ज्यांना बोलता येत नाही त्यांना बोलायला शिकवणारी बाई. हे गावाच्या गळी उतरायला बरीच वर्षं लागली. सुरुवातीला लोक दाढ दुखते म्हणून तिच्याकडे यायचे, कानातला मळ काढून घ्यायला यायचे. म्हातारा ओस्वाल्दो तर एकदा पोपट घेऊन आला, दोन महिने झाले शिव्या देत नाही म्हणून. यास्नाने पोपटाचा घसा बॅटरी लावून तपासला आणि त्याला गप्प राहण्याचा हक्क आहे असं सांगून परत पाठवला. अशी बाई. कोणाला नाही म्हणणं तिला जमायचं नाही, आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं.

तिच्या धाकट्या भावाचं, निबाल्दोचं बोलणं सहा वर्षांपर्यंत फक्त आईला आणि यास्नालाच कळायचं. शाळेत बाईंनी त्याला शेवटच्या बाकावर बसवलं आणि विसरून गेल्या. चौदाव्या वर्षी तो मासेमारीच्या बोटीवर गेला, कारण बोटीवर बोलावं लागत नाही. अशा मुलांना बोलायला शिकवायचं, हे यास्नाने तेव्हाच मनाशी ठरवलं होतं. कापड गिरणी बंद पडून बाप घरी बसला होता, तरी हट्टाने कॉन्सेप्सिओन शहरात जाऊन शिकली आणि परत टेकडीवर आली, ‘काराकोलितो’ नावाच्या शाळेत. तीन ते सहा वर्षांची, बोलण्यात दोष असलेली मुलं तिथे येत. मूल आत यायला फोनोची सही लागे आणि बरं होऊन बाहेर जायलाही फोनोची सही.

शाळा नेल्दा बुर्गोस बाईंची. बाई लबाड होत्या असं म्हणून मोकळं होता येत नाही. पोरांची नाकं स्वतःच्या रुमालाने पुसायच्या, कोणाच्या घरी चूल पेटली नाही हे त्यांना आधी कळायचं. पण वर्ग भरला नाही तर अनुदान बंद आणि वर्गही बंद. यास्नाच्या तिसऱ्या वर्षी एक मूल कमी पडलं.

“अगं, हा मुलगा ‘र’ म्हणत नाही,” नेल्दा बाई म्हणाल्या.

“तीन वर्षांचा आहे, बाई. तीन वर्षांचं कुठलं पोर म्हणतं?”

“मग लिही की म्हणत नाही. खोटं थोडंच आहे?”

त्या वर्गात एमिलियो होता. चार वर्षांचा, आणि तोंडात एकूण दोन शब्द. वर्ग बंद झाला असता तर तो कुठल्या बाकावर जाऊन बसला असता हे यास्नाला चांगलंच ठाऊक होतं. तिने सही केली. रात्री झोपही नीट लागली, हे तिला पुढे फार लागून राहिलं.

मग सवयच झाली. मार्चमध्ये शाळा सुरू होताना धडधाकट पोरांना दोष चिकटवायचा आणि डिसेंबरमध्ये वर्ष संपताना त्यातल्याच काहींना बरं करायचं. सगळी बरी झाली तर शाळा ओस, एकही नाही झालं तर तपासनीस विचारणार की तुम्ही करता काय. म्हणून डिसेंबर आला की नेल्दा बाई चहाचा कप पुढे सरकवून विचारायच्या, “यंदा किती बरी करायची?” भाजीवालीकडे विचारावं तसं.

आयांना तर मूल बरं व्हायलाच नको असे. इथे शाळेची गाडी दारातून न्यायची, दारात सोडायची. वर्गात पंधरा पोरं, आणि बाईंना प्रत्येकाचं नाव पाठ. खाली किनाऱ्यावरच्या शाळेत वर्ग गच्च, गाडी नाही, आणि मूल दुपारी सुटलं की जाणार कुठे? त्यामुळे टेकडीवर एक रीतच पडली. नोव्हेंबर लागला की संध्याकाळच्या चहाला, पावावर पाल्त्याचा मऊ गर चोळता चोळता, आया पोरांना नापास व्हायला शिकवायच्या. “कुत्रा नाही म्हणायचं, तुत्रा म्हण. आणि हसायचं नाही हं, मेल्या!” शेजारणी एकमेकींच्या पोरांची परीक्षा घ्यायच्या.

यास्नाला शिकवून आणलेलं पोर लगेच कळायचं. खरा दोष असलेलं मूल ठरावीक वाटेनेच चुकतं आणि आपण चुकलो हे त्याच्या गावीही नसतं. शिकवलेलं पोर आधी छताकडे बघतं, मग चुकतं आणि मग मार्क मागावेत तसं तुमच्याकडे बघतं. गेल्या वर्षी चार वर्षांच्या अनाइसने सगळी चित्रं धडाधड चुकीची सांगितली, आणि टेबलावर ओणवून हळूच विचारलं, “बरोबर चुकले ना, मावशी?”

यास्ना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग स्वच्छतागृहात जाऊन घंटा होईपर्यंत बसून राहिली. शाळेने बोलायला शिकवायचं, आणि हे आपण काय शिकवतोय! पण बाहेर येऊन सही मात्र केली.

अनाइसची आई जोसेलिन मासळीच्या शेडमध्ये काम करी. पहाटे सहापासून रबरी बुटात उभं राहून मेर्लुसा मासे साफ करायची. घरात दुसरं माणूस म्हणजे तिची अर्धवट ऐकू येणारी आई. गाडी नसती तर जोसेलिनला काम सोडावं लागलं असतं, इतका साधा हिशोब होता.

यंदाच्या डिसेंबरात यास्नाच्या जुन्या प्रोफेसर, इल्दा रेबोयेदो, यांचा फोन आला. अशा शाळांमधल्या दहा वर्षांच्या फायली त्यांनी संशोधनासाठी गोळा केल्या होत्या.

“यास्ना, पोरी, तुझे आकडे बघून माझा विश्वासच बसेना! तुझ्याकडे मुलं आठवड्याला अर्ध्या तासाच्या उपचारात बरी होतात. बाकीच्यांना दोन-दोन तास लागतात. हे छापून आलं की सगळीकडे अर्धा तासच ठरेल बघ. लेखावर तुझं नाव घालते मी.”

फोन ठेवून यास्ना जुन्या फायलींच्या कपाटासमोर जाऊन उभी राहिली. अर्ध्या तासात बरी होणारच, जी कधी आजारीच नव्हती ती! आणि आता त्यांच्या जोरावर देशभरातल्या एमिलियोंचा दीड तास कापला जाणार. गप्प राहावं तर हे पाप. बोलावं तर सहीचा अधिकार जातो, शाळा जाते आणि पंधरा पोरांचे चार वर्ग रस्त्यावर येतात. तीन दिवस तिने डबा तसाच परत नेला. नेल्दा बाईंनी दोनदा विचारलं, “जेवत का नाहीस गं?” तिला त्यांच्या कपाळावर कप आपटावासा वाटला, आणि लगेच लाजही वाटली, कारण सही करताना तिचा हात काही बाईंनी धरला नव्हता.

चौथ्या दिवशी तिने ठरवलं, यंदा खरं तेच लिहायचं. तपासणीला पहिली आली अनाइस. पाच वर्षांची झालेली, वेणी घट्ट बांधलेली. चित्रं दाखवली, एकेक शब्द मोडका आला. वाक्य म्हणायला सांगितलं, अर्ध्यावर तुटलं. छताकडे पाहणं नाही, चोरटी नजर नाही. पोरगी अभिनयात पक्की झालीय, यास्नाच्या मनात आलं. बस झालं हे! तिने परीक्षेचे मार्क बाजूला सारले आणि कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिलं: दोष नाही, शाळेतून मुक्त करावे. अकरा वर्षांत पहिल्यांदा सही करताना तिला हलकं वाटलं. त्याच धडाक्यात तिने प्रोफेसरांना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

प्रोफेसरांनी एवढंच विचारलं, “अशी मुलं किती?”

“एकेचाळीस.”

“नावं आठवतात?”

“सगळी.”

“लिहून पाठव. चौकशी होईल, तुझ्या नेल्दा बाईंनाही कळवावं लागेल. आणि यास्ना, आजपासून कशावर सही करू नकोस. तुझ्या सहीला आता...”

दुपारी जोसेलिन आली. शेडमधून तशीच, ॲप्रनला खवले चिकटलेले, एका हातात अनाइस, दुसऱ्या हातात तो कागद. यास्ना शिव्या खायच्या तयारीने उभी राहिली. पण जोसेलिनचा आवाज चढलाच नाही.

“दोन वर्षांपूर्वी माझी पोर चांगली होती, मावशी. तुम्ही आजारी लिहिलंत. आणि आता बरी लिहिता?”

“ती नाटक करते, जोसेलिन. तूच शिकवलंयस.”

“शिकवलं. नोव्हेंबरपुरतं. भर हिवाळ्यात कोण नाटक करतं हो?” ती खुर्चीत बसली. “जूनमध्ये थंडी पडली तेव्हापासून घरी पण अशीच बोलते. मी म्हणते, अगं, माझ्याशी नीट बोल, इथे कुठे परीक्षा आहे? तर नुसती बघत राहते. आधी मला वाटलं, सराव करतेय. कौतुक वाटलं मला, देवाशपथ! शेजारणींना बोलावून दाखवलं.”

यास्ना खाली जमिनीवर बसली. चित्रं घेतली नाहीत, कागद घेतला नाही. “तुझी मांजर काय म्हणते गं?” एवढंच विचारलं.

अनाइसला सांगायचं होतं. पोरीचा चेहरा उजळला होता, बातमी मोठी होती. तिने श्वास घेतला, मानेच्या शिरा ताणल्या, पहिलं अक्षर ओठांवर आलं आणि फुटलं. पुन्हा एकदा. मग तिने हात झटकला आणि तीन बोटं दाखवली. जोसेलिन पुटपुटली, “पिल्लं झालीत. जिन्याखाली.”

शिकवलेला दोष असा खरा होऊन बसतो, त्याला पुस्तकात काय म्हणतात ते यास्नाला ठाऊक नव्हतं. पण खरं काय आणि शिकवलेलं काय हे अकरा वर्षांत तिला कळत आलं होतं. आणि तेच सकाळी डोळ्यांसमोर असताना तिने ‘पक्की झालीय’ म्हणून सोडून दिलं होतं. आयुष्यात एकदा खरं लिहायला गेली आणि तेच तेवढं खोटं निघालं. तिला मोठ्याने ओरडावंसं वाटलं. तिने जोसेलिनच्या हातातला कागद घेऊन फाडला, नवीन काढला आणि एकेक शब्द नीट विचार करून लिहिला. दोष आहे. उपचार तातडीने हवेत. खाली सही केली.

“आता झालं ना?” जोसेलिनने विचारलं.

“नाही झालं. या सहीला आता किंमत नाही. मी सकाळीच सगळं सांगून बसले.”

“मग दुसऱ्या फोनोची घेऊ.”

“घेऊ. ती येईल, तपासेल. पण तोवर तिला कळलेलं असेल, की या टेकडीवरची पोरं शिकवून आणलेली असतात.” यास्नाला पुढचं बोलणं जड गेलं. “अनाइस जितकी चुकेल ना, जोसेलिन, तितकं ते म्हणतील की आईने छान शिकवलंय.”

जोसेलिन खुर्चीतून उतरून पोरीसमोर गुडघ्यांवर बसली आणि मासळीच्या वासाचे हात तिच्या गालांना लागू नयेत म्हणून मागे धरले.

“नीट बोल गं बाळा. आता नीट बोललं तरी चालतं.”

अनाइसने तोंड उघडलं. आधी आईकडे पाहिलं, मग मावशीकडे पाहिलं, आणि तोंड मिटून घेतलं.