वहीतलं गोठ्याचं पान

“इंग्लिश मिडियमची पोर हाय ती. तिला काय वाचता येतंय? चार वळीत दम लागंल बघ.”

मागे बसलेल्या मावशी शेजारणीच्या कानात बोलल्या, पण आमचं बुद्धविहार लहान आहे. सगळ्यांना ऐकू गेलं. निमगाव सावाच्या आमच्या वस्तीत वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. यंदा ग्रंथ दोन दिवस आधीच संपला, म्हणून जाणत्यांनी माझ्या आजोबांची वही वाचायचं ठरवलं. आजोबा गेल्या वर्षी वारले. त्यांचं अक्षर घरात फक्त मला लागतं.

निघताना पप्पा म्हणाले होते, “गोठ्याचं पान सोडून दे गं. लोकांना कशाला?” मला ते बरंच वाटलं. त्या पानाची भीती मला वेगळ्याच कारणाने होती.

दहाव्या वर्षी आजोबांना एका मोठ्या घरी गडी म्हणून ठेवलं होतं. वहीत मारहाणीबद्दल फारसं नाही. त्या घरच्या बैलांची नावं मात्र आहेत, हौशा, पाखऱ्या, मोत्या. कोण मारका, कोणाला गूळ आवडायचा. सहा वर्षांच्या त्या हकिगतीत आजोबांचं स्वतःचं नाव एकदाही येत नाही. ते गोठ्यातच जेवत, तिथेच झोपत. टाळूला जीभ लावून कोणी ‘टक् टक्’ केलं की उठायचं. पुढे धम्मदीक्षेच्या वेळी कोणी नाव विचारलं, तर ते नुसते उभे राहिले. शेजारच्याने सांगितलं.

वाचता वाचता ते पान आलं, तशी मी दोन पानं एकदम उलटली. तेवढ्यात बाहेरून आवाज आला. टक् टक्. कोणी शेळीला बोलावत असावं. दाराशी, चपलांजवळ बसलेले एक म्हातारे गृहस्थ झटकन उभे राहिले. हात मांड्यांना चिकटलेले, नजर जमिनीवर. अगदी आजोबांसारखे.

ते कसंनुसं हसले. “सवय वो, दुसरं काय. मला बी असंच उठवायचे. वाच बाई, त्ये पान सोडू नको.”

मी पान सोडलंय हे त्यांना कसं कळलं, मला आजही माहीत नाही. मी पानं मागे उलटली आणि गोठ्याचं पान वाचलं. मान वर केली तेव्हा दारात कोणी नव्हतं. ते कोणाकडे आले होते हे नंतर विचारलं, तर प्रत्येकाला ते दुसऱ्याच घरचे पाहुणे वाटले होते. “पावणं चा न घेताच गेलं की!” एवढंच मावशी म्हणाल्या.

‘बुद्धं सरणं गच्छामि’, हे शरण जाण्याचे शब्द मी लहानपणापासून पाठ म्हणत आले. शरण म्हणजे मला आडोसा वाटायचा, गप्प बसायची जागा. त्या संध्याकाळी वाटलं, शरण जायचं तर आपण जे झाकून धरलंय ते आधी खाली ठेवावं लागतं. त्या पाहुण्यांनी मला तेवढं बळ दिलं. ते कोण होते, हे मी आता शोधत नाही.

त्या संध्याकाळी पान वाचून झालं, तशी मी वही मिटली. पप्पा खाली बघत होते.

“एक गोष्ट वहीत नाही,” मी म्हणाले. “मी सात वर्षांची असताना शेळीला टक् टक् केलं, आणि आजोबा जेवता जेवता ताटावरून उठले. मला हसू आलं. मग मी रोज करायचे, ते उठावेत म्हणून. ते उठायचे. त्यांचं नाव किसन होतं.”