न लोळवलेलं सिलिंडर

फाटकबाई गेल्याचा फोन त्यांच्या यजमानांनी केला, तेव्हा मला पहिली आली ती शंका... नेमकं मलाच का कळवलं?

आमच्या प्रयोगशाळेत बाई प्रमाण वायू तयार करत. रिकाम्या सिलिंडरमध्ये तोलून घेतलेलं इवलंसं बेंझिन आणि त्यावर नायट्रोजन. शहरातली हवा मोजणारी यंत्रं खरं बोलतात की नाही, हे या सिलिंडरवरून ठरायचं. भरून झालं की बाई ते गोणपाटावर आडवं ठेवून पायानं कितीतरी वेळ लोळवत बसायच्या. "बाई, आता अंगाई म्हणा!" मी एकदा म्हणालो. "तुम्हीच म्हणा. झोपलेलंही जागं होईल," बाई वर न बघता म्हणाल्या.

स्वारगेटच्या चौकातल्या यंत्रावर वाहनांच्या धुरातल्या बेंझिनचे आकडे चढे येऊ लागले आणि साहेब अस्वस्थ झाले. सिलिंडरमध्येच लिहिल्यापेक्षा कमी बेंझिन असेल, तर त्यावर लावलेलं यंत्र हवा उगाच वाईट दाखवतं. लेबलावर लिहितात तेवढं बेंझिन बाई भरतच नसाव्यात, हा संशय साहेबांच्या कानावर मीच घातला. त्यांचं दार लावून काम करणंही मला खुपायचं. एकदा त्या डबा खायला गेल्या असताना नुकतंच भरलेलं सिलिंडर मी उचललं आणि तपासलं. बेंझिन कमी! बाईंची रवानगी भांडारात झाली. त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

पुढे विकतची सिलिंडरं आली, तरी स्वारगेटचे आकडे तेवढेच चढे. तेव्हा डोक्यात उजेड पडला. मी उचललेलं सिलिंडर अजून लोळवलंच नव्हतं. बेंझिन न मिसळता तळाशीच होतं. वरून मी ओढला तो बहुतेक नुसता नायट्रोजन... आणि मी गप्प राहिलो. बाई भांडारातूनच निवृत्त झाल्या.

परवा सदाशिव पेठेत त्यांच्या घरी जाऊन यजमानांना सगळं सांगितलं.

"अहो, हे तिला त्याच आठवड्यात कळलं होतं," यजमान म्हणाले.

"मग बोलल्या का नाहीत?"

"म्हणाली, मी बोलले तर सबब वाटेल. ज्यानं तपासलं, त्यानंच सांगावं."

"मग आता सांगतो," मी म्हणालो.

"तुमचे साहेबही गेले. आता सांगणार कुणाला?"

"मासिकात छापायला देतो."

त्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. मग उठून रस्त्याकडची खिडकी लावली. "रहदारी वाढली की ती ही लावायची," म्हणाले. "आता मी लावतो... अंक आणून दाखवा. मग मानेन."