झोपेकाकांची मोठी चाकं

झोपेकाका कुणाच्याही घरी खुर्चीवर बसत नसत. आले की सरळ जमिनीवर आडवे होत, उशी मागून घेत आणि आढ्याकडे पाहत तासभर गप्पा मारत. त्यांचं खरं आडनाव वेगळंच होतं. पण नागपुरातल्या आमच्या गल्लीत सगळे त्यांना झोपेच म्हणत, आणि कुणी नवा माणूस त्याच नावाने विचारत आला तर तेही निमूटपणे "हो, मीच" म्हणत.

उमरेडकडच्या एका खाणीत ते फिटर होते. तिथे अंगावर लोखंडी तुळई घसरली आणि कंबर कायमची दुखावली. पुढे शहरातल्या एका गोदामात हलकं काम मिळालं, पण घडीभर ताठ बसलं तरी कळ निघे. स्वतःच्या पाठीबद्दल ते घरातल्या खाष्ट वडीलधाऱ्या बाईबद्दल बोलावं तसं बोलत. लग्नाचं बोलावणं आलं की म्हणत, "थांबा, पाठीले विचारून सांगतो." आणि दुसऱ्या दिवशी, "मी तं येतो म्हणून राहिलो, पण तीच नाही म्हणते."

गोदामापर्यंत जायला त्यांनी झोपून चालवायची सायकल तयार केली होती. मोडक्या आरामखुर्चीचा सांगाडा, त्यावर विणलेली नवार, दोन साखळ्या जोडून केलेली एक लांबलचक साखळी आणि पोरांच्या सायकलची दोन लहान चाकं. पाय पुढे पसरून पेडल मारायचं, हँडल मांड्यांच्या खाली. ते निघाले की कुणी खाटेसकट कामाला चाललंय असं वाटे. लोक हसत. काका हसणाऱ्यांना उलट विचारत, "काहून गा, तुमची पाठ दुखत नाही का अजून?"

मी तेव्हा शाळेत शिकवत असे आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत राहत असे. एकदा मी सहज विचारलं, "काका, तुमचं माहेरासारखं कुणी नाही का?" तेव्हा कळलं की कुही गावात त्यांची मोठी बहीण होती, आक्का. आई लवकर गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं होतं. आता तिचे डोळे गेले होते, ती येऊ शकत नव्हती. काकांनी एकदा एसटीने जाऊन पाहिलं, तर अर्ध्या वाटेत उतरून रस्त्याकडेला आडवं व्हावं लागलं. झोपत्या सायकलनेही निघाले होते. दिघोरीच्या पुढे रस्ता उखडलेला. "चाक लहान, बाई. खड्ड्यात गेलं तं खड्ड्याचंच झालं," ते म्हणाले.

म्हणून त्यांनी मोठी चाकं बसवायचं ठरवलं. जुन्या बाजारातून मोठ्या माणसांच्या सायकलची दोन चाकं आणली, चाक धरणारा चिमटा रुंद करून घेतला, ब्रेक सरकवले. सायकल एकदम रुबाबदार दिसू लागली. फक्त दोन गोष्टी बिघडल्या. वळताना बूट पुढच्या चाकाला घासे, आणि बैठक इतकी उंच झाली की थांबल्यावर पाय जमिनीला पुरेनात. पहिल्याच फेरीत काका अंगणात आडवे कोसळले. काही दिवस त्यांना कूस बदलता येईना.

काकूंनी पाने-पक्कड उचलून तांदळाच्या डब्यात दडवले. "अवो, आक्काले भेटायच्या पायी मले पांढऱ्या कपाळाची कराल काय?"

काका आढ्याकडे पाहत म्हणाले, "तिले दिसत नाही वं आता. आवाज तरी ऐकू दे माझा."

दुसऱ्या सकाळी तांदळाचे दाणे चिकटलेला पाना काकूंनी त्यांच्या उशाशी ठेवला. "दोन्ही पाय जमिनीले टेकले पाहिजेत. नाहीतर भंगारात देऊन टाकीन."

काकांनी मग मधल्या पाइपात वीतभर तुकडा जोडून सायकल लांबवली. पुढचं चाक पायांपासून दूर गेलं आणि बैठक दोन चाकांच्या मध्ये खाली उतरवता आली. काकूंनी स्वतः वाकून दोन्ही टाचा टेकतात का ते पाहिलं आणि होकार दिला.

थंडीतल्या एका रविवारी आम्ही निघालो. काका झोपून, मी माझ्या लेडीज सायकलवर. काकू डबा घेऊन एसटीने. उमरेड रोडवर त्यांच्या बसने आम्हाला गाठलं तेव्हा त्या खिडकीतून ओरडल्या, "अवो, खड्डा पाहा!" काका खड्ड्यातूनच गेले. मोठं चाक आत उतरलं आणि सहज वर आलं. काका इतक्या मोठ्याने हसले की शेतात धान बांधणाऱ्या बायांनी वळून पाहिलं.

कुहीच्या अंगणात पोचल्यावर त्यांना लगेच उठवेना. घंटीचा आवाज ऐकून आक्का भिंत चाचपत बाहेर आल्या. त्यांच्या हाताला आधी चाक लागलं, मग बूट, मग गुडघे. हात वर सरकत चेहऱ्यापर्यंत पोचला आणि तिथेच थांबला.

"काहून गा," त्या म्हणाल्या, "झोपून आला?"

"हो वं आक्का. बसून येता आलं नाही."

आक्का आधी हसल्या. मग पदराने डोळे पुसू लागल्या, तेव्हा काकूंनी येऊन त्यांना धरलं. दुपारी आक्कांनी हट्टच धरला, मलेही बसव. नऊवारी सावरून त्या नवारीवर रेलल्या. एका बाजूने काकू, दुसऱ्या बाजूने मी आणि मागून काका, असं आम्ही त्यांना देवळापर्यंत नेऊन आणली. वाटेत भेटेल त्याला त्या सांगत होत्या, "माझा भाऊ आला."

त्यानंतर काका नेमाने कुहीला जाऊ लागले. दोन-तीन वर्षांनी आक्का गेल्या. आता जाणं थांबेल असं मला वाटलं होतं, पण ते जातच राहिले. कुणाकडे जाता, असं मी विचारलं तर म्हणाले, "गावाकडे. आक्का होती तेव्हा हात सोडत नसे वं, गाव पाहायचंच राहून गेलं."

माझी बदली उमरेडला झाली. सामान भरायच्या सकाळी काका भेटलेच नाहीत. काकू म्हणाल्या, "त्यांले निरोप देता येत नाही, पहाटेच गेले कुहीले." आमचा ट्रक उमरेड रोडवर कुहीच्या फाट्याजवळ आला तेव्हा पुढे ते दिसले, पाय पसरून, बिनघोर. मी हाक मारली. झोपल्या झोपल्या त्यांना मागे वळून पाहता येत नसे. त्यांनी एक हात हँडलवरून काढून उंच धरला, आणि फाट्यावर ते डावीकडे वळेपर्यंत तो तसाच वर होता.