मिटलेली तीन कलमं

जर्मनीतल्या गेल्सेनकिर्शेनच्या जुन्या खाणकामगार वसाहतीत रोस्विता काच्मारेकला सगळे ओळखतात ते एवाल्डची बायको म्हणून. खाणीच्या कॅन्टीनमध्ये अठ्ठावीस वर्षं बटाटे तिने सोलले, संपाच्या दिवसांत फाटकावर मसुराच्या सुपाची पातेली तिने वाहिली, तरी नाव एवाल्डचं. बैठकीच्या खोलीतली सोफ्याएवढी लांब, खाऱ्या पाण्याची प्रवाळांची टाकीही एवाल्डचीच. प्रवाळ पाळणाऱ्यांच्या मंडळाच्या वहीत सभासद तो. पाण्यात कोपरापर्यंत हात मात्र रोस्विताचे. तो खुर्चीतून सांगायचा, "जरा डावीकडे. अगं, डावीकडे."

खुर्ची आता त्याला सुटत नाही. खाणीची धूळ फुप्फुसात बसली ती बसलीच; नाकाला प्राणवायूची नळी आहे. घर चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट ईस्टरपासून बंद. घरमालक कंपनी पत्राला पत्राने उत्तर देते: भाग मागवला आहे. कुठून मागवलाय देव जाणे, पाच महिने तो वाटेतच आहे. तेवढे महिने एवाल्ड खाली उतरला नव्हता, आणि रोस्विताला पावाचं दुकान आणि औषधाचं दुकान यापलीकडे जग उरलं नव्हतं. अर्धा तास झाला की फोन वाजायचा. "कुठे आहेस?"

अशात तिला पत्र आलं. पाठीच्या दुखण्यासाठी उत्तर समुद्राकाठच्या आरोग्यधामात तीन आठवडे मंजूर, महिनाभराने येणाऱ्या सोमवारपासून. गेल्या वर्षीची मंजुरी एवाल्ड इस्पितळात असल्याने वाया गेली होती. विमा कार्यालयातली बाई फोनवर अगदी गोड आवाजात म्हणाली, या वेळीही नाही गेलात तर पुढचा अर्ज कठीणच आहे. तेवढे दिवस एवाल्डने शुश्रूषागृहात राहायचं ठरलं. त्याने मानही डोलवली होती.

मग ती तीन कलमं आली.

या मंडळाची एक जुनी रीत आहे. घरातल्या चांगल्या प्रवाळाचं पहिलं कलम दुसऱ्याच्या टाकीत द्यायचं. उद्या तुमची टाकी मेली, तर तुमचाच वंश तुम्हाला परत मिळतो. पण देणारा तिसऱ्या रविवारी बघायला येतो. कलम उमललं नसेल तर उचलून घेऊन जातो, वाद नाही. एवाल्डची टाकी दोन उन्हाळ्यांपूर्वी हीटर अडकून एका दुपारीत शिजली होती. म्हणून ट्राम चालवून निवृत्त झालेल्या हार्टमुटने अळंबीच्या टोपीसारख्या चामडी प्रवाळाची तीन कलमं पिशवीत घालून आणली. अकरा वर्षांपूर्वी एवाल्डकडूनच गेलेल्या वंशाची.

रोस्विताने सगळं रीतसर केलं. पिशवी अर्धा तास टाकीत तरंगू दिली. मग बारीक नळीने टाकीचं पाणी थेंब थेंब पिशवीत सोडलं, तासभर. किडे निघावेत म्हणून कलमं औषधाच्या पाण्यात बुडवून काढली आणि तळाशी, मंद उजेडात, हलक्या प्रवाहात ठेवली. कलमं मिटली. अंगावर मेणासारखा पापुद्रा धरला. यात घाबरण्यासारखं काही नसतं. नव्या पाण्यात आलं की हे प्रवाळ रुसतं, सापासारखी कात टाकतं आणि दहा-पंधरा दिवसांत उघडतं. त्याला फक्त सुखाने राहू द्यायचं.

पंधरा दिवस गेले, सतरा झाले. कलमं मिटलेलीच, कडा पांढुरक्या.

"अशांना टाकून जाणार तू?" एवाल्डने विचारलं.

"मी प्रवाळांची आई नाही."

"मी कुठे म्हटलं? जा की. समुद्र बघ. इथलं मरू दे."

ती बॅग भरायची, एवाल्ड खोकायचा, ती बॅग सोडून यायची. दोनदा तिने कपडे बाहेर काढून पुन्हा कपाटात ठेवले.

शनिवारी पावाच्या दुकानासमोर रस्ता खणला होता म्हणून ती वाटेतूनच परतली. दार उघडलं तर खोली टाकीच्या दिव्याने पांढरीफटक. एवाल्डच्या मांडीवरच्या पांघरुणाखाली दिव्याचा रिमोट.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"तू पाव आणायला गेलीस की. अर्धा तास. तू यायच्या आत कमी करतो."

"एकोणतीस वर्षं टाकी ठेवतोयस आणि नवशिक्यासारखा उजेड वाढवतोस? भाजतायत ती."

"नवशिक्याकडे वेळ असतो," एवाल्ड म्हणाला. "उद्या हार्टमुट येईल. मिटलेली दिसली तर नेईल. म्हटलं, उजेडाने लवकर उघडतील."

तिने दिवा कमी केला. हार्टमुटला उद्या नेऊ दिलं की कलमं जातील, कलमांबरोबर एवाल्डची सबब जाईल, आणि सोमवारची गाडी तिची. हे तिला स्पष्ट दिसलं. उपटलेली कलमं वाटेतच मरतील, हेही तितकंच स्पष्ट दिसलं.

रविवारी हार्टमुट आला. चार जिने चढून लालबुंद. त्याने आलुबुखाराचा केक खाल्ला, कॉफी प्यायला आणि काचेला नाक लावलं.

"उजेड किती देताय?"

रोस्विता म्हणाली, "याने वाढवला. रोज. मी नसताना."

एवाल्डने डोळे मिटले. हार्टमुटने कप खाली ठेवला. "मग रीत ती रीत, रोस्विता. बादली दे."

"बादली मिळायची नाही."

"मंडळाने ठरवलंय."

"मंडळाने म्हणजे तुम्ही बारा बाप्यांनी, बिअर ढोसताना. तुझी टाकी कोण पुसतं? तू की तुझी गिझेला? तुला अकरा वर्षांपूर्वी दिलेलं कलम या हातांनी कापलंय. हा खुर्चीत होता. तेव्हा वंश माझा. आणि मी म्हणते, ती इथून हलायची नाहीत."

हार्टमुटने मदतीसाठी एवाल्डकडे पाहिलं. एवाल्ड नळी नीट करत बसला.

रोस्विताने घराची किल्ली आणि रिमोट केकच्या ताटलीशेजारी ठेवले. "तीन आठवडे रोज यायचं. बघायचं. बघायचं म्हणजे नुसतं बघायचं, हात खिशात."

"रोज चार जिने?"

"कंपनीला पत्र लिही. माझी सात झाली."

तो किल्ली आणि रिमोट घेऊन गेला. रोस्विता ताटल्या धुऊ लागली.

"मला वाटलं तू नेऊ देशील," एवाल्ड मागून म्हणाला.

"काल मलाही वाटलं होतं."

"मी खाली उतरलो की मला परत वर कोण आणणार, रोस्वी? तिथेच ठेवतील. म्हणतील, आता इथेच बरं आहे तुमचं."

तर हे होतं. तिने एकच ताटली तीनदा धुतली. खोटं उत्तर देण्याचा तिला भयंकर राग होता. कंपनीची पत्रं वाचून वाचून आलेला.

सोमवारी सकाळी दोन माणसं वाहून नेण्याची खुर्ची घेऊन आली. पट्टे बांधून त्यांनी एवाल्डला उचललं. रोस्विता एका हातात आपली बॅग, दुसऱ्यात प्राणवायूची टाकी घेऊन मागे. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर एवाल्डने कठडा धरला. माणसांनी खुर्ची टेकवली. एकाने घड्याळ पाहिलं.

"आजोबा, हात सोडा."

त्याने सोडला नाही. रोस्विता बॅग ठेवून त्याच्या शेजारी पायरीवर बसली. पाठीतून कळ गेली.

"किती दिवस?" त्याने विचारलं.

"एकवीस."

"तोवर लिफ्ट?"

"बंदच असेल."

"मग?"

"मग माणसं शोधावी लागतील. मिळतील की नाही, माहीत नाही."

एवाल्डने कठड्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग बोटं सोडली आणि हात पांघरुणाखाली घेतला. माणसांनी खुर्ची उचलली. रोस्विताला उठायला त्यांच्यापेक्षा जास्त वेळ लागला.