चकाकीमुळे नापास झालेली भिंत

मंडळी, सायबर कॅफेतून लिहितोय. समुद्रकाठच्या चिखले गावातल्या माझ्या बहिणीच्या नव्या हॉटेलची सागवानी भिंत आगीच्या तपासणीत नापास झाली. आज दुपारी तपासणी अधिकाऱ्यांनीच तसं सांगितलं. भिंत पास झाल्याशिवाय रविवारी हॉटेल उघडता येणार नाही.

त्यांनी भिंतीची एक फळी अंगणात नेऊन पेटवली. पाण्यावर ऊन सरकावं तशी ज्योत चकाकीवरून वर सरकली.

"मिस्त्री, आग रोखणारा लेप लावला नाही?" अधिकारी साहेबांनी विचारलं.

"लावला ना साहेब, दोन हात," आमचे सुतार रतिकाका म्हणाले. "पण भिंत आंधळी, निस्तेज दिसायला लागली. म्हणून वरून चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश मारलं."

"म्हणजे लेपावर पेटणारी लाख चढवून आगीला पायघड्याच घातल्या की!" साहेब म्हणाले.

बहीण मात्र चिडली नाही. गेले आठ दिवस संध्याकाळी भिंतीच्या त्या चकाकीत समोरचा समुद्र उतरायचा आणि आम्ही दोघं हातातला चहा विसरायचो.

उद्या सकाळी रतिकाका आपल्याच हातांनी पॉलिश खरवडून पुन्हा नुसता लेप देतील. शुक्रवारी साहेब परत येतील. रविवारी जेवायला आलात, तर चकाकी गेलेल्या त्या भिंतीसमोर तुम्ही रतिकाकांना काय सांगाल?