पाच घरांचं खळं

जामसरच्या रंजना भोयेनं भिवंडीच्या गोदामावर सहा वर्षं टेम्पो चालवला आणि गावी परतली ती विजेवरची जुनी गाडी घेऊनच. आता पाड्यातल्या बाया जव्हारच्या बाजाराला, दवाखान्याला तिच्याच गाडीतून जातात. अडचण एकच होती, गाडी चार्जिंगला लावली की घरातला प्लग तापायचा. म्हणून तिनं चार्जर बसवणाऱ्याला बोलावलं.

त्यानं भिंत पाहिली, मीटर पाहिला आणि विचारलं, "पार्किंगची जागा कोणाच्या नावावर आहे?"

"नावावर कशाला? समोरचं खळं पाच घरांचं आहे. भात झोडायच्या दिवसांत गाडी आंब्याखाली, एरवी खळ्यावर."

"म्हणजे स्वतःचं पार्किंग नाही," म्हणत त्यानं फॉर्मवर तसंच लिहिलं. "ताई, घराला फाटक नाही, तर असली गाडी घ्यायचीच कशाला?"

रंजनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या खळ्यावरून पाड्यात कधी भांडण झालं नव्हतं. पाच घरांची जागा, आणि हा म्हणतो जागाच नाही.

सकाळीच पाचही घरच्या बायांनी खळं शेणानं सारवलं होतं, म्हणून तिनं आपली गाडी आंब्याखाली नेली होती. या माणसानं मात्र स्वतःची गाडी आल्या आल्या ओल्या सारवणावर मधोमध लावली होती. दारी आलेला माणूस म्हणून ती तेव्हा गप्प बसली होती.

"इथे पार्किंग नाही ना, भाऊ?" ती म्हणाली. "मग तुमची गाडी काढा. बादलीत शेण उरलंय, चाकांच्या खुणा तेवढ्या सारवून जा."